फेस जिथे थांबला

आमच्या ह्यांना गॅरेजमध्ये सगळे 'भिंग' म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हा हे नाव ऐकून मला वाटलं, जाड चष्म्याचा माणूस दिसतोय. चष्माबिष्मा काही नव्हता. गाडीच्या पत्र्यावर केसाएवढा ओरखडा असला तरी ह्यांना तो दहा पावलांवरून दिसायचा, म्हणून भिंग. ठोकलेल्या गाड्यांना रंग मारणं हे ह्यांचं काम. पस्तीस वर्षं एकच गॅरेज, एकच मालक. पत्र्याचा मिस्त्री चेपलेला पत्रा सरळ करून द्यायचा, आणि मग गाडी ह्यांच्या हाताखालून गेली की ज्याची गाडी त्यालाही सांगता यायचं नाही, लागलं होतं कुठे.

घरातही तेच. भिंतीवरचं कॅलेंडर सूतभर वाकडं दिसलं तर जेवता जेवता उठणार. शर्टाच्या कॉलरला चुणी राहिली की मला आणून दाखवणार. मी म्हणायची, दिसली ना, मग धरा इस्त्री. तेवढ्यापुरते गप्प बसायचे. स्वतःचं मात्र काही दिसायचं नाही. दाढी करून आले की कानाखाली साबण तसाच, आणि मी पदरानं पुसायला गेले की म्हणणार, कुठाय, काही नाहीये. अशी ह्यांची नजर, जगाला टोचणारी आणि स्वतःला सोडून देणारी. मी तेव्हा हसायची.

कामाबद्दल मात्र मी कधी टिंगल केली नाही. संध्याकाळी घरी आले की हातपाय धुताना मला सांगत बसायचे. रंग लावणं सोपं असतं, म्हणायचे, तो संपवायचा कुठे यातच खरी मेख. नव्या रंगाची आणि जुन्या रंगाची हद्द दिसली की पकडले गेलात. बाकीचे रंगारी सांध्यापाशी सरळ टेप मारून रंग तोडतात. हे टेप दुमडून लावायचे, आणि दरवाज्यावरच्या, टपाला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या खांबावर रंग तिरका विरवत न्यायचे, डावीकडून उजवीकडे उतरत. माणसाच्या डोळ्याला सरळ रेघ चटकन दिसते, तिरकी दिसत नाही, हे ह्यांचं स्वतःचं शोधून काढलेलं. दुसऱ्या कुणाला ते शिकवलं नाही. चंदेरी गाडीचं काम अख्ख्या गावात फक्त भिंगाकडे द्यावं, असं लोक म्हणायचे. मीही चार बायकांत बसून मिरवायची, खोटं कशाला बोलू.

गॅरेज बंद झालं, मालक गेला, हे घरी बसले. लेक त्याच वर्षी आमच्याकडे राहायला आली. जावई नोकरीसाठी दुसऱ्या गावी, तीन तासांवर. लेकीचं काम इथलं. ज्यांची हाडं मोडलीत, अंग लुळं पडलंय अशा लोकांच्या घरी जाऊन ती त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. दिवसाला पाच-सहा घरं, आणि पाच वर्षांची पोर सोबत शाळेत सोडायची-आणायची. बसनं जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून तिनं जुनी गाडी बघितली, चंदेरी. घ्यायच्या आधी अर्थात ह्यांना घेऊन गेली.

मीही गेले होते. ह्यांनी तासभर गाडी बघितली. विकणारा भला माणूस होता, त्यानं स्वतः ती दुसऱ्याकडून घेतलेली. हे गाडीपुढे उकिडवे बसले, पत्र्याला गाल लावून एका बाजूनं नजर टाकली, बोटांच्या पेरांनी टकटक केलं, दरवाजे उघडून कडा चाचपल्या. इंजिन दुसऱ्या मिस्त्रीनं तपासलेलंच होतं. शेवटी हात झटकून लेकीला म्हणाले, "डोळे झाकून घे. हिला कंपनीनंतर कुणाचा हात लागलेला नाही." लेकीनं घेतली. कुणी विचारलं तर मान वर करून सांगायची, बाबांनी बघून दिलीय. ते ऐकताना ह्यांचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. घरी बसल्यापासून ह्यांना कुणी काही विचारत नव्हतं, तिनं विचारलं होतं.

पण ती गाडी चालवायला लागली आणि ह्यांनी तिला अडवायला सुरुवात केली. आज धुकं आहे, नको जाऊस. आज टायरमध्ये हवा कमी वाटते. आज बाजाराचा दिवस, गर्दी असेल. रोज नवं कारण. लेक हसायची आणि किल्ली उचलायची. मी म्हणायची, अहो, पोरगी तीस वर्षांची झाली, तिला काय पाळण्यात घालून ठेवायचंय? तरी ती परत येईपर्यंत हे पायरीवर बसून राहायचे.

मग एके दिवशी लेकीनं फोमचा पंप आणला. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली, वर दट्ट्या, पुढे पिवळी तोटी. आत पाणी आणि गाडीचा शाम्पू घालायचा, दट्ट्या वरखाली करून हवा भरायची आणि खटका दाबला की दाट फेस बाहेर पडतो. ह्यांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, खेळणं दिसतंय. पण सोबतचा कागद नाकाला लावून दोनदा वाचला. आधी साध्या पाण्यानं धूळ उतरवायची, मग फेस मारायचा, पाच मिनिटं राहू द्यायचा. मळ सुटून फेसाबरोबर आपोआप खाली येतो, फडक्यानं घासावं लागत नाही, म्हणजे ओरखडे पडत नाहीत. हे मात्र ह्यांना पटलं. लेक बादलीत बुडवलेल्या फडक्यानं गाडी खसाखसा पुसायची तेव्हा ह्यांना स्वतःची कातडी सोलल्यासारखं व्हायचं. रविवारी गाडी मी धुणार, असं त्यांनी जाहीर करून टाकलं.

तो रविवार. लेक अकरा वाजता नातीला घेऊन जावयाकडे निघणार होती, हमरस्त्यानं पहिल्यांदाच एकटी. हे सकाळी लवकर उठले. गाडी भिंतीच्या सावलीत घेतली, पत्रा थंड होऊ दिला, नळीनं पाणी मारलं. शाम्पू झाकणानं मोजून घातला. मग खालून वर फेस मारत गेले, आधी चाकं, मग दरवाजे, मग टप. दाब कमी झाला की थांबून पुन्हा दट्ट्या मारायचे. नात टाळ्या पिटत होती. तिच्या तळहातावर फेसाचा गोळा ठेवला, तेव्हा ती किंचाळत घरात पळाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. किती दिवसांनी माणूस कामात दिसला, असं वाटून बरं वाटलं मला.

प्रवासाला बरोबर द्यायचे डबे भरून मी पुन्हा बाहेर पाहिलं तर गाडीवरचा फेस अजून धुतलेलाच नव्हता. बऱ्याच ठिकाणी वाळायलाही लागलेला. फेस वाळू द्यायचा नाही, डाग पडतात, हे मला ह्यांनीच दहादा ऐकवलेलं. मी ओरडत बाहेर गेले, अहो, झोप लागली का उभ्याउभ्या? हे मागच्या दरवाज्यावरच्या खांबापाशी वाकून उभे होते. नळी पायाशी पडली होती आणि पाणी नुसतं वाहत होतं.

सगळ्या गाडीवरून फेस सारखा ओघळला होता. त्या खांबावर मात्र तो एका रेघेवर अडला होता. बारीक बारीक बुडबुडे ओळीनं बसले होते, डावीकडून उजवीकडे तिरके उतरत. मला आधी काही कळलं नाही. मी म्हटलं, बरं मग? पाणी मारा, जाईल.

"हा माझा हात आहे," हे म्हणाले.

मग मलाही ती तिरकी रेघ ओळखू आली. ह्यांनी ओल्या कपड्यांनीच मागचं दार उघडलं, बसायची गादी उचलली, खालचा गालिचा ओढून काढला आणि पत्र्यावरून बोटं फिरवली. आडवा उंचवटा होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून काळा रंग. मला हात लावायला लावला. ह्यांचा आवाज इतका खाली गेला होता की मला कान जवळ न्यावा लागला. आठ वर्षांपूर्वी मालकानं दोन चंदेरी गाड्या आणल्या होत्या. एक पुढून चेचलेली, एक मागून. मिस्त्रीनं दोन्ही मधोमध कापल्या आणि चांगले अर्धे एकमेकांना जोडले. वरची पुट्टी आणि रंग ह्यांचा. आता आठ वर्षांनी त्या रंगाची कड केसभर उचलली होती. नजरेला दिसण्याइतकी नाही, पण बुडबुडा अडण्याइतकी. गाडी घेताना तासभर बघूनही ह्यांना ती सापडली नव्हती. दुसऱ्याची चूक हुडकायची सवय, स्वतःचं काम समोर आलं तर ह्यांना ते कंपनीचं वाटलं.

मी विचारलं, जोरात धक्का बसला तर काय होईल. म्हणाले, जोड सुटेल. कुठे, म्हटलं. तर त्यांनी मी हात ठेवला होता तिथेच बोट दाखवलं. त्यावर आमची नात बसते.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. माझ्या तोंडून काय निघालं असेल? मी इकडेतिकडे बघून हळूच म्हटलं, लेकीला काही बोलू नका. मी डोकं दुखतंय म्हणून आडवी पडते, म्हणजे आजचं जाणं राहील. मग एखादं गिऱ्हाईक बघून गुपचूप विकून टाकू. एवढं बेमालूम काम आहे, कुणाला कळणार आहे?

हे रागावले नाहीत. "मालकही हेच म्हणायचा," एवढंच म्हणाले, आणि लेकीला हाक मारली.

लेक नवा ड्रेस घालून, केस विंचरत बाहेर आली. ह्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा ती हसलीच. तिला वाटलं, बाबांनी आणखी एक कारण शोधून काढलं. धुकं झालं, टायर झाला, आता गाडीचे दोन तुकडे. तोवर माझ्या हातून एक घोळ झाला होता. गडबडीत मी नळी उचलून पाणी मारलं होतं, फेस सगळा वाहून गेला होता. खांबावर रेघेचा मागमूस नव्हता. लेकीनं वाकून पाहिलं, हात फिरवला, नखानं खरवडून पाहिलं. "बाबा, इथे काहीच नाहीये," ती म्हणाली. गादीखालचा उंचवटा दाखवला, तर म्हणाली, असतात अशा घड्या पत्र्याला. तुम्हीच तर म्हणालात, कंपनीनंतर हात लागलेला नाही. तेव्हा चुकलात की आता चुकताय? तिचा सूर चढला होता. उशीर होत होता, जावई वाट बघत होता, वर्षातून चारदा नवरा-बायकोची भेट व्हायची. तिनं हात पुढे केला आणि किल्ली मागितली.

हे मागच्या खोलीत गेले. येताना पॉलिश पेपरचा खरखरीत तुकडा आणि पेचकस घेऊन आले. लेक काही म्हणायच्या आत त्यांनी पेपर मुठीत धरला आणि खांबावर घासायला सुरुवात केली.

ज्या माणसानं आयुष्यभर कुणाला गाडीवर साधं बोट टेकू दिलं नाही, तो चंदेरी पत्रा कराकरा खरवडत होता. लेक ओरडली, आई, त्यांना आवर, वेड लागलंय त्यांना. मी जागची हलले नाही. वरची चकाकी गेली. मग चंदेरी रंग गेला. मग करडा प्रायमर आला, आणि त्याखाली पिवळट पुट्टी, जाडजूड. हे घामानं निथळत होते, बोटाचं साल निघालं होतं. मग पुट्टीत पेचकस खुपसला आणि पिळला. तळहाताएवढा टवका निघून खाली पडला. आत वेल्डिंगच्या लोखंडाचे काळे गोळे, वेडेवाकडे, एकापुढे एक. मध्ये दोन ठिकाणी फट होती. गंज धरला होता. एका फटीत पेचकसाचं टोक सहज आत गेलं.

लेक पायरीवर बसली. नात दारात आली होती, तिला तिनं जवळ ओढून घेतलं. तोवर दोन महिने ती गाडी रोज चालवत होती, पोरीला मागे बसवून. मला वाटलं, आता ती वडिलांच्या गळ्यात पडेल. वाचलो म्हणेल. हात सोललाय, त्यावर काहीतरी लावू म्हणेल. माझ्या डोळ्यांत पाणीही आलं होतं.

"अशा किती केल्यात?" तिनं विचारलं.

हे म्हणाले, मालक आणायचा तसं करायचो, रंगाऱ्याला कोण विचारतं. ती म्हणाली, ते नाही विचारलं मी. किती?

ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. एक पांढरी होती, म्हणाले. मग दोन लाल. एक निळी, तिचा रंग जुळायला चार दिवस लागले होते. पुन्हा एक पांढरी. बोटं मोजत होते. गाड्या ह्यांना रंगावरून आठवत होत्या, कोण घेऊन गेलं, घरात कोण होतं, ते काही माहीत नव्हतं. एक हात संपला. दुसरा संपला. ते पुन्हा पहिल्या हाताकडे वळले तशी लेक उठली आणि नातीला कडेवर घेऊन आत गेली.

त्यात माझं काही नव्हतं असं कसं म्हणू? संध्याकाळी हातपाय धुताना ते सगळं मला सांगायचेच की. रंग कसा जुळवला, कुठे विरवला. दोन गाड्यांची एक केली, हेही एकदा-दोनदा सांगितलं असेल. मी कौतुकानं ऐकलं आणि वाढायला घेतलं. त्या गाडीत कोण बसणार, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

गाडी भंगारात दिली, तुकडे करून, डोळ्यांदेखत. लेक पुन्हा बसनं जाते. बापाशी भांडली नाही, तुसडेपणानं वागत नाही. पाणी हवं का विचारते, औषध आणून देते. पण आता ती त्यांना काही दाखवत नाही. परवा नातीसाठी सायकल घ्यायची होती, तर दुकानातून एकटीच घेऊन आली. हे पायरीवरून उठून उभे राहिले होते, सायकल बघायला. ती बाजूनं निघून गेली. हे तसेच उभे होते.

अलीकडे ह्यांनी नवीनच सुरू केलंय. सकाळी तो फोमचा पंप घेऊन बाहेर पडतात. कुणाच्या दारात सात-आठ वर्षं किंवा त्याहून जुनी गाडी दिसली की बेल वाजवतात आणि विचारतात, धुऊन देऊ का, फुकट. काही लोक हाकलतात. काही जण म्हणतात, द्या की. तिथे हे आधी पाणी मारतात, मग फेस, आणि खांबापाशी वाकून उभे राहतात. फेस वाळायच्या आत धुऊन टाकतात, आभार मानतात आणि पुढच्या गल्लीत जातात. म्हातारा किती गुणी, असं लोक मला बाजारात थांबवून सांगतात. मी मूग गिळून ऐकते.

काल दुपारी आले ते खांदे पाडून. चौदा गाड्या धुतल्या होत्या. पाय सुजले होते, बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडली होती. मी ताट वाढलं आणि विचारलं, सापडली का एखादी?

"नाही गं," म्हणाले. "काम फार चांगलं झालंय माझं."